जिंकलेली लिस्ट हुबेहूब उचलली, तरी बडोद्यात हार का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात कॅफेत रविवारी होणाऱ्या पोकेमॉन कार्डांच्या छोट्या स्पर्धा खेळतोस. परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेत पहिला आलेला डेक (साठ कार्डांचा संच) त्याच्या छापील लिस्टवरून एकही कार्ड न बदलता बनवलास, कार्डं मागवण्यात बरेच पैसे गेले, आणि रविवारच्या स्पर्धेत चारपैकी तीन सामने हरलास. तर मोठे निकाल बघून डेक निवडण्यात अर्थ आहे का, दर निकालानंतर डेक बदलायचा का, आणि आधीचा डेक विकून टाकावा का?

निकाल तर बघायचेच. ज्याला स्पर्धा खेळायची आहे पण निकाल वाचायचा कंटाळा आहे, त्याने खुशाल घरी भावंडांत खेळावं, त्यातही मजा आहे. पण निकाल हातात आला की पहिला प्रश्न ‘हा डेक मी बनवू का’ हा नसतो. हा निकाल वाचून पुढच्या रविवारी माझ्यासमोर कोण काय घेऊन बसेल, हा पहिला प्रश्न. आपण काय न्यायचं ते त्यानंतर. तू थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारलीस. बहुतेक नवे खेळाडू तेच करतात, कारण जिंकलेली लिस्ट समोर छापलेली दिसते आणि रविवारचा प्रतिस्पर्धी दिसत नसतो.

आधी तुझ्या तीन पराभवांचं बघू, कारण त्यांनी तू उगाच धास्तावला आहेस. समज, तुझा डेक खरोखर चांगला आहे आणि दर सामन्यात जिंकण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या आसपास आहे. तरीसुद्धा चार सामन्यांत एक किंवा शून्य विजय मिळण्याची शक्यता साधारण २३-२४ टक्के भरते. म्हणजे अशा डेकने खेळलास तरी सरासरीने चारातला एक रविवार असा जातो. चार सामन्यांवरून डेक वाईट ठरत नाही. आणि आता मुद्द्याची गोष्ट: चार सामन्यांवरून डेक चांगलाही ठरत नाही. इथे कोणी एखादा डेक चार-शून्य घेऊन गेला की पुढच्या आठवड्यात तिघे जण तोच डेक मागवतात, तेही याच चुकीच्या हिशेबावर.

आता ती परदेशातली स्पर्धा. तिथे शेकडो खेळाडू असतात, सामने भरपूर होतात, म्हणून तिथला निकाल आपल्या कॅफेतल्या निकालापेक्षा नक्कीच भरवशाचा. पण तो भरवसा त्या हॉलपुरता. कुठल्याही डेकला स्वतःची अशी एकच ताकद नसते; त्याचे मॅचअप असतात, म्हणजे कोणत्या डेकविरुद्ध तो किती चालतो ते, आणि कोणता मॅचअप किती वेळा समोर येतो त्यावर दिवस ठरतो. आकडे सोयीसाठी मनाने घेतो. तुझा डेक झपाट्याने मारणाऱ्या अ‍ॅग्रो डेकविरुद्ध ४५ टक्के जिंकतो, अडवून धरणाऱ्या कंट्रोलविरुद्ध ६० टक्के, आणि आधी बेंच (मागची राखीव जागा) उभारून मग मारणाऱ्या सेटअप डेकविरुद्ध ५५ टक्के. त्या हॉलमध्ये अ‍ॅग्रो २० टक्के, कंट्रोल ५० टक्के, सेटअप ३० टक्के होते असं धर. मग ९ अधिक ३० अधिक साडेसोळा, एकूण ५५.५ टक्के. हाच डेक, हीच साठ कार्डं उचलून आपल्या कॅफेत आण, जिथे अ‍ॅग्रो ६० टक्के, कंट्रोल १० आणि सेटअप ३० आहेत. आता २७ अधिक ६ अधिक साडेसोळा, म्हणजे ४९.५. एकही कार्ड न बदलता जिंकणारा डेक नाणं उडवण्यावर आला.

आपल्याकडे अ‍ॅग्रो एवढे का असतात, हे बाहेरच्या कुठल्याच निकालात सापडणार नाही. फत्तेगंजच्या कॅफेत रविवारी जे पंधरा-वीस जण जमतात, त्यांतले निम्मे तरी युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवरचे. त्यांच्याकडे तयार मिळणारे दोन डेक एकत्र करून वर चार-पाच कार्डं घातलेले डेक असतात, आणि थोड्या पैशांत जो डेक बनतो तो बहुधा सरळसोट मारणारा असतो. दांडिया बाजारातले दोघे भाऊ एकाच कार्डसंग्रहावर खेळतात. त्यामुळे महागडी कार्डं त्या दिवशी एकाच्याच डेकमध्ये असतात, आणि कोणाच्या ते पहिल्या राउंडला कळतं. वाघोडिया रोडवरचे एक काका आहेत, माझ्याहूनही वयाने मोठे. ते समोरच्याची कार्डं संपवून जिंकायचा डेक खेळतात. जगात कोणीही काहीही जिंको, ते तोच डेक आणणार, आणि अर्ध्या तासाने समोरचा कपाळाला हात लावून बसणार. अशा ठिकाणी टक्केवारी वाचण्याआधी माणसं ओळखावी लागतात. मी वहीत प्रतिस्पर्ध्यासमोर डेक, त्यातली न चुकता येणारी दोन-तीन कार्डं, आणि तो शेवटचा कधी बदलला एवढंच लिहितो. तिसरा रकाना सगळ्यात उपयोगी. ज्याने वर्षभर डेक बदललेला नाही तो येत्या रविवारीही बदलणार नाही.

मोठ्या निकालाचा परिणाम इथे पोचतो, पण उशिरा. ऑनलाइन, म्हणजे पोकेमॉन टीसीजी लाइव्हवर किंवा मॅजिक या दुसऱ्या कार्डखेळाच्या मॅजिक अरीनावर निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच डेक समोर यायला लागतो, कारण तिथे कार्ड खेळातल्या खेळात बनवता येतं. बडोद्यात कार्ड मुंबईहून किंवा परदेशातून यायचं असतं, कोणी भाऊ-बहीण तिकडून येणार असेल तर त्यांच्या बॅगेतून यायचं असतं. तोवर निकालाला काही आठवडे उलटतात आणि तिकडे पुढची स्पर्धा होऊन जाते. म्हणून ऑनलाइन खेळताना एक चित्र डोक्यात ठेवायचं आणि कॅफेत जाताना दुसरं. संध्याकाळी फोनवर पन्नास सामने खेळून ‘मेटा’ (सध्या कोणते डेक किती खेळले जातात ते) शिकलेला मुलगा रविवारी गोंधळतो तो इथे. त्याने ज्या डेकसाठी तयारी केली तो डेक अजून कुरिअरच्या गाडीत आहे.

निकाल नीट वाचायचा म्हणजे काय, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फसगत सगळ्यात जास्त तिथेच होते.

टॉप एटमध्ये, म्हणजे पहिल्या आठांत, एका जातीचे दोन डेक दिसले की लोक म्हणतात, हाच डेक भारी. त्या जातीचे स्पर्धेत किती होते ते आधी विचार. दोनशे जणांत पन्नास जण तोच डेक खेळत असतील तर टॉप एटमध्ये दोन येणं हे अगदी सरासरीचं काम आहे. पन्नास भागिले दोनशे, गुणिले आठ, उत्तर दोन. उलट फक्त सहा जण खेळत असलेल्या डेकचा एक जण टॉप एटमध्ये आला तर ते अपेक्षेच्या चौपट आहे. पण एक म्हणजे एकच. तो माणूस कदाचित जगातल्या पहिल्या पन्नास खेळाडूंपैकी असेल आणि कुठल्याही डेकने आला असता. पट्टीचे खेळाडू डेक निवडतात तेव्हा त्या डेकच्या आकड्यात त्यांचं कौशल्यही मिसळलेलं असतं, आणि ते आपल्याला कुरिअरने मागवता येत नाही.

विजयाची टक्केवारी दाखवणारे तक्ते बघतोस ना, तिथे टक्क्याशेजारी किती सामने ते बघ. शंभर सामन्यांवर काढलेल्या टक्केवारीत वर-खाली साधारण दहा टक्क्यांची चूक सहज असू शकते. चारशे सामन्यांवर ती पाचवर येते, हजारावर तीनच्या आसपास. तेव्हा ‘हा डेक ५४ टक्के, तो ५१ टक्के’ या वाक्याला दोन्हीकडे शंभर-शंभर सामने असतील तर काही अर्थ नाही. मॅचअपचे तक्ते तर त्याहून फसवे, कारण एका विशिष्ट डेकविरुद्ध दुसरा विशिष्ट डेक असे सामने मोठ्या स्पर्धेतही कधी कधी वीस-पंचवीसच होतात. त्यावर ६८ टक्के लिहिलेलं असतं आणि पोरं ते वेदवाक्य मानतात.

लिस्ट कुठून आली तेही बघावं लागतं. मॅजिक ऑनलाइनच्या लीगमध्ये पाच-शून्य गेलेल्या ज्या लिस्ट प्रसिद्ध होतात त्या एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात अशा निवडून टाकतात, त्यामुळे तिथे एखादा डेक एकदाच दिसला म्हणून तो दुर्मीळ असं म्हणता येत नाही. जपानमध्ये पोकेमॉनचे नवे संच आधी येतात, म्हणून तिथल्या सिटी लीगचे (शहरातल्या स्पर्धांचे) निकाल सगळे भविष्य बघितल्यासारखे वाचतात. पण सिटी लीगमध्ये सामना एकाच गेमचा असतो, आणि आपण ज्या रीजनलचे (मोठ्या विभागीय स्पर्धांचे) निकाल वाचतो तिथे तीनपैकी दोन गेम जिंकावे लागतात. एकदाच खेळायचं असेल तर एखादा धक्कादायक डाव चालून जातो. तीन गेममध्ये समोरचा दुसऱ्या गेमला सावध असतो.

आता एक निकाल जवळून बघू, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. २०२४ च्या होनोलुलूच्या पोकेमॉन जागतिक स्पर्धेत मास्टर्स गटात चिलीचा फर्नांडो सिफ्युएन्तेस जिंकला, आयर्न थॉर्न्स ईएक्स घेऊन. आयर्न थॉर्न्स जोवर अ‍ॅक्टिव्ह जागेवर, म्हणजे पुढे लढायला, आहे तोवर दोन्ही बाजूंच्या रूल बॉक्स (कार्डावर खास नियमाची चौकट) असलेल्या पोकेमॉनच्या, हल्ल्याखेरीज ज्या खास शक्ती असतात त्या अ‍ॅबिलिटी बंद. कार्डावर ‘फ्युचर’ लिहिलेले पोकेमॉन तेवढे वगळून. त्या हंगामात ज्यांचा बोलबाला होता ते डेक आठव. चारिझार्ड ईएक्स उत्क्रांत होताना अ‍ॅबिलिटीने डेकमधून एनर्जी (हल्ल्याला लागणारी कार्डं) लावतो. पिजॉट ईएक्स दर टर्नला हवं ते कार्ड शोधून देतो. लुगिया व्हीस्टारचा सगळा डाव एका अ‍ॅबिलिटीवर उभा. रेजिंग बोल्ट ईएक्सच्या डेकला टील मास्क ओगरपॉन ईएक्सची एनर्जी लावणारी अ‍ॅबिलिटी लागते. म्हणजे पट्टीचे खेळाडू जे डेक आणणार होते त्यांच्या मुळावरच हे एक कार्ड बसत होतं. १४० चा हल्ला काही डोळे दिपवणारा नाही. पण समोरच्याचं यंत्रच बंद पडलं तर १४० पुरतात.

आता हाच डेक आपल्या कॅफेत आण. समोर हॉस्टेलचा मुलगा, त्याच्याकडे एकेका प्राइझचे (मेले की समोरच्याला एकच बक्षीस-कार्ड देणारे; सगळी घेतली की जिंकलो) साधे पोकेमॉन, त्यांना रूल बॉक्सच नाही. आयर्न थॉर्न्सची अ‍ॅबिलिटी त्याला शिवतही नाही. उरतो तो १४० मारणारा, मेला की दोन प्राइझ देणारा पोकेमॉन. जगज्जेता डेक आणि तरी दुबळा. सिफ्युएन्तेसने समोर कोण असेल हे आधी ओळखलं आणि मग डेक उचलला. निकाल वाचून आपण ते ओळखणं सोडून दिलं आणि फक्त डेक उचलला, तर त्याने केलेल्या कामातला महत्त्वाचा भाग आपण केलाच नाही.

याच्या उलट बाजूही आहे, नाहीतर मी म्हणतो म्हणून तू निकालच सोडून देशील. कधी कधी एखादा डेक खरोखर बाकीच्यांच्या वरच्या इयत्तेत असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये अटलांटाला मॅजिकच्या प्रो टूरमध्ये टॉप एटमधले सहा डेक एल्ड्राझी नावाच्या राक्षसांचे होते. त्यामागे स्पष्ट कारण होतं. आय ऑफ उगिन आणि एल्ड्राझी टेम्पल या जमिनी (इतर कार्डं टाकायला लागणारी ताकद देणारी कार्डं) २०१० पासून होत्या, पण त्यांच्या जोरावर स्वस्तात टाकता येतील असे मोक्याचे एल्ड्राझी जानेवारी २०१६ च्या संचात आले: थॉट-नॉट सीअर, रिअ‍ॅलिटी स्मॅशर. दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला समोर जे उभं राहत होतं ते इतर डेकना चौथ्या-पाचव्या टर्नला जमत होतं. तिथे हॉल कोणता, शहर कोणतं याने फरक पडत नव्हता. एप्रिलमध्ये आय ऑफ उगिनवर बंदी आली. ओको या मॅजिकच्याच कार्डाचंही तसंच. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिचमंडच्या मिथिक चॅम्पियनशिपमध्ये सुमारे दोन तृतीयांश डेकमध्ये ओको होता आणि १८ नोव्हेंबरला तो स्टँडर्डमधून (फक्त अलीकडच्या संचांची कार्डं चालणाऱ्या प्रकारातून) बाद झाला. अशा दिवसांत ‘मी माझा आवडता डेक खेळणार’ म्हणणारा प्रामाणिक असतो, पण हरतो.

मग फरक कसा ओळखायचा? मी दोन गोष्टी बघतो. वेगवेगळ्या गटांनी, एकमेकांशी न बोलता, वेगवेगळ्या वळणाने तो डेक बनवला आणि सगळेच वर आले का. अटलांटात रंगहीन आणि निळा-लाल अशा दोन्ही बनावटी वर होत्या. आणि डेक का जिंकतो ते एका वाक्यात सांगता येतं का, आणि त्या वाक्यात प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख लागतो का. ‘दोन टर्न आधी राक्षस टाकतो’ यात समोरच्याचा उल्लेख नाही. असा डेक बडोद्यातही तेवढाच चालेल. ‘समोरच्याच्या अ‍ॅबिलिटी बंद करतो’ यात समोरचा आला. मग आधी समोरचा कोण ते बघ.

असे वरच्या इयत्तेतले डेक बहुधा बंदीच्या वाटेवर असतात, हे पैसे खर्च करणाऱ्याने लक्षात ठेवायचं. मॅजिकचा मॉडर्न होरायझन्स हा संच १४ जून २०१९ ला आला, त्यातल्या होगाक या कार्डाने धुमाकूळ घातला. ८ जुलैला ब्रिज फ्रॉम बिलोवर बंदी आली, डेक तरीही थांबला नाही, शेवटी २६ ऑगस्टला होगाकच बाद. मॉडर्न होरायझन्स ३ आला १४ जून २०२४ ला, आणि त्यातला नाडू बाद झाला तोही २६ ऑगस्टलाच. तारखांची ही गंमत सोड. सव्वादोन-अडीच महिन्यांचं आयुष्य असलेल्या डेकची कार्डं आपल्याकडे पोचायलाच किती दिवस लागतात त्याचा हिशेब कर. ज्याच्याकडे कार्डं आधीच आहेत त्याने असा डेक जरूर खेळावा. ज्याला मागवायची आहेत, त्याच्यासाठी ते वरातीमागून घोडं. पोकेमॉनमध्ये स्टँडर्डला बंदी क्वचित येते, पण दरवर्षी जुन्या अक्षराची कार्डं बाद होतात. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं अक्षर बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करू नकोस. आणि स्टेशनरीच्या दुकानातली ती चकचकीत सोनेरी पाकिटं घेऊच नकोस. ती नकली असतात आणि कुठल्याही स्पर्धेत चालत नाहीत.

आता निकालातून डेक कसा घ्यायचा. एकच लिस्ट उचलू नकोस. त्याच स्पर्धेतल्या त्याच जातीच्या चार-पाच लिस्ट शेजारी शेजारी ठेव. पन्नास-चौपन्न कार्डं सगळ्यांत सारखी दिसतील. तो सांगाडा, त्याला हात लावायचा नाही. तुला लाख वाटलं की पोकेमॉन शोधून देणारे एवढे बॉल कशाला, तरी नाही. त्या खेळाडूंनी तो आकडा शेकडो गेम घासून काढलेला असतो. उरलेली सहा ते दहा कार्डं लिस्टगणिक बदलतात. ती कार्डं म्हणजे त्या खेळाडूने त्या हॉलबद्दल बांधलेला अंदाज. तुला बदलायची आहेत ती हीच, आणि नेमकी हीच तू जशीच्या तशी ठेवलीस.

एक जुनं उदाहरण घेतो, २०२३-२४ मधलं. तेव्हा बऱ्याच जिंकणाऱ्या लिस्टमध्ये मनाफीची एक प्रत असायची. तिची अ‍ॅबिलिटी बेंचवरच्या पोकेमॉनना हल्ल्याचं नुकसान होऊ देत नाही. का असायची? कारण रेडियंट ग्रेनिंजा दोन एनर्जी टाकून समोरच्या दोन पोकेमॉनवर नव्वद-नव्वद मारायचा, आणि बेंचवरची छोटी पिल्लं एका फटक्यात दोन-दोन जायची. ज्या हॉलमध्ये ग्रेनिंजा घेऊन बसणारे बरेच, तिथे मनाफी हवीच. पण बेंचवर जागा पाचच. ज्या कॅफेत बेंचवर मारणारा एकही जण येत नाही तिथे मनाफी म्हणजे साठातलं एक कार्ड वाया. वर ती सुरुवातीच्या हातात एकटीच आली तर तिलाच अ‍ॅक्टिव्हला बसवावं लागतं, आणि ७० एचपीची ती लगेच जाते. त्या जागी आपल्या कॅफेसाठी पुढचा पोकेमॉन बदलायचं एखादं कार्ड, किंवा समोरच्याचा बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढणाऱ्या बॉसेस ऑर्डर्सची जादा प्रत, जास्त उपयोगी. असा प्रश्न प्रत्येक सुट्या कार्डाला विचारायचा: तू कोणासाठी आहेस, आणि तो आपल्याकडे येतो का?

प्रतींचा हिशेबही लक्षात ठेव. साठात एकच प्रत असेल तर पहिल्या सात कार्डांत ती येण्याची शक्यता ११-१२ टक्के, दोन प्रतींना २२, चारांना जेमतेम ४०. शिवाय पोकेमॉनमध्ये सहा कार्डं प्राइझमध्ये जातात, म्हणजे दर दहा गेममध्ये एकदा तुझी एकुलती प्रत सुरुवातीलाच अडकलेली असणार. एकाच प्रतीचा पोकेमॉन तरी अल्ट्रा बॉलने शोधता येतो. एकाच प्रतीची आयटम किंवा सपोर्टर (मदतीची कार्डं) शोधायला सोपा मार्ग नसेल तर ते कार्ड नुसतं मनाच्या समाधानासाठी ठेवलेलं असतं. मॅजिक आणि यू-गी-ओमध्ये बाजूला पंधरा कार्डं ठेवता येतात, त्यामुळे तिथे स्थानिक अंदाज त्या पंधरांत मांडतात आणि मुख्य डेक जवळपास जसाच्या तसा राहतो. पोकेमॉनला साइडबोर्ड नाही. अंदाजाचं प्रत्येक कार्ड सांगाड्याच्या शेजारी, त्या साठांतच बसवावं लागतं, आणि प्रत्येक जादा कार्ड डेक थोडा अडखळवतं. म्हणून तीन-चार कार्डांच्या पुढे स्थानिक बदल करू नकोस.

दर निकालानंतर डेक बदलायचा का? नाही. निकालामुळे मेटा फिरतो तो असा: या आठवड्यात अ जिंकला, पुढच्या आठवड्यात निम्मे अ खेळतात आणि हुशार लोक अ ला मारणारा ब आणतात, त्यापुढच्या आठवड्यात कोणी तरी ब ला मारणारा क आणतो. या शर्यतीत ज्याच्याकडे सगळी कार्डं आहेत आणि रोज चार तास आहेत तोच टिकतो. आपल्यासारख्याने दर वेळी उडी मारली की एक ना धड भाराभर चिंध्या. शिवाय इथले बरेच लोक उडी मारतच नाहीत हे वर सांगितलं. तू दोन पावलं पुढचा विचार करून ब ला मारणारा क आणशील, आणि समोर दोन वर्षांपूर्वीचाच डेक घेऊन काका बसलेले असतील. मॅचअपच्या तक्त्यातले तीन-चार टक्के अनोळखी डेकने मिळवण्यापेक्षा ओळखीच्या डेकने चुका कमी केल्या तर जास्त हाती लागतं. प्राइझमध्ये काय अडकलंय ते पहिल्या शोधातच मोजणं, समोरच्याचा हात बदलायला लावणारा सपोर्टर कोणत्या टर्नला टाकायचा, कधी प्राइझ मुद्दाम न घेता थांबायचं, हे सगळं एकाच डेकवर बरेच महिने बसल्याशिवाय हाताला लागत नाही.

वर्षातून एक-दोनदा मुंबईला किंवा अहमदाबादला मोठ्या स्पर्धेला जायचं असेल तेव्हा मात्र गणित बदलतं. तिथे येणारे लोक निकाल वाचून, कार्डं जमवून येतात. तिथे सगळ्यात ताज्या मोठ्या निकालातले पहिले तीन-चार डेक समोर येणार असं धरूनच चाल, आणि तुझे ते सहा-दहा सुटे पत्ते तिथल्या अंदाजाने पुन्हा मांड. रात्रीच्या गाडीत बसून डेक बदलू नकोस, तेवढं पाळ. आदल्या रविवारी कॅफेत जो खेळलास तोच ने, सुट्या कार्डांचा फरक सोडून.

तुझ्या सध्याच्या डेकचं काय करायचं ते सांगतो. सांगाडा ठेव. मिररसाठी (समोरही आपल्यासारखाच डेक आला तर) आणि कंट्रोलसाठी घातलेली सुटी कार्डं काढ. सुरुवातीचा मार सोसता येईल अशी दोन कार्डं घाल, आणि पहिल्या टर्नला बेंच भरता येईल असा एक जादा बॉल. एवढ्याला फारसा खर्च नाही. कार्डं विकत घेण्याआधी घरी सराव करताना कागदावर नाव लिहून जुन्या कार्डासमोर स्लीव्हमध्ये सरकवलंस तरी चालतं, पंधरा-वीस गेम खेळून बघ, मग माग. आणि निदान सहा-आठ रविवार सामन्यागणिक लिहून ठेव: समोर कोणता डेक, कोण पहिलं खेळलं, कोणतं कार्ड हातात येऊन निरुपयोगी पडून राहिलं. शेवटच्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा आलं तर ते कार्ड काढ, मग ते कोणा जगज्जेत्याच्या लिस्टमध्ये का असेना.

जुना डेक विकू नकोस. विकलास तर भाव निम्माही येणार नाही, आणि त्यातले बॉल, स्विच, सपोर्टर नव्या डेकलाही तेच लागतात. फक्त ज्या कार्डांचं अक्षर पुढच्या वर्षी बाद होणार आहे त्यांच्या महागड्या प्रती आत्ताच काढून टाक. गिऱ्हाईक मिळेल तोवरच ती विकता येतील.